लहानपणी तुम्हाला परीराज्य कुठे सापडलं होतं?

रानजाई:
काल रात्री लाइट गेली आणि गॅलरीतून लेक ओरडली, "आई, चांदणी घरात आली!" एकच काजवा होता. पुण्यात, चौथ्या मजल्यावर. तिनं तो ओंजळीत धरला आणि मला रडूच फुटलं.

माझं आजोळ भंडारदऱ्याकडचं. मे संपत आलेला, मी सात वर्षांची. अंगणात सगळे झोपलेले. एका काजव्यामागे अनवाणी निघाले ती थेट ओढ्यापर्यंत. पलीकडे सादडा होता. अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. मला खात्रीच पटली, हेच ते. खाली बसून परीची वाट बघत राहिले. भीती अजिबात वाटली नाही. बऱ्याच वेळानं आजी कंदील घेऊन आली. रागावली नाही. कंदील विझवून शेजारी बसली. "दिसली का गं?" म्हटलं, अजून नाही. "मग थांबू जरा."

आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही कुठे गेला होतात? लिहा ना.

थेंब:
"मग थांबू जरा" वाचलं आणि लोकलमध्ये डोळे भरून आले. सध्या एवढंच.

दर्याकाठ:
आमचं राज्य पाण्यात. देवगडकडे थंडीत कधी कधी रात्री पाण्यात हात घातला की बोटांभोवती निळा उजेड. धाकट्यानं तो बाटलीत भरून घरी आणला. सकाळी नुसतं खारं पाणी. दिवसभर जेवला नाही पोरगा. पुढे कळलं, नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव, पाणी हललं की चमकतो. कळल्यावर तर मला जास्तच नवल वाटलं.

माळावरची:
आमच्या विहिरीवर सातीआसरा. सात दगड, शेंदूर, हिरव्या बांगड्या. आई म्हणायची, भर दुपारी जायचं नाही, आसरा आंघोळीला येतात. मी गेले. वाकून बघितलं तर तळाशी हिरवं काहीतरी हललं आणि मला हात दिसला, बांगड्या भरलेला. आजही म्हणेन दिसला. थांबा, कुकर झाला, येते.

पिंपळपान:
सादडा म्हणजे ऐनच ना?

रानजाई:
हो, आमच्याकडे सादडाच म्हणतात. काजवे हिरडा, बेहडा, जांभळावरही असतात.

दूरदेशी:
मी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला असते. कॉटिंग्ली गाव इथून जवळ. १९१७ साली ९ वर्षांची फ्रान्सिस तिथल्या ओढ्यावरून रोज पाय भिजवून यायची. आई रागावली तर म्हणाली, पऱ्या बघायला जाते. मोठ्यांनी विश्वास ठेवावा म्हणून तिनं आणि १६ वर्षांच्या मावसबहिणीनं, एल्सीनं, फोटो काढले. त्यातल्या पऱ्या कागदाच्या होत्या हे १९८३ मध्ये दोघींनी कबूल केलं. पण पऱ्या खरंच बघितल्या होत्या, हे फ्रान्सिस शेवटपर्यंत सांगत राहिली. मला तिचं पटतं. रानजाई, तिला तुझ्या आजीसारखं कुणी हवं होतं.

सह्यवाट:
विषय थोडा सोडून लिहितोय, पण राहवत नाही. हल्ली काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश. नर उडताना लुकलुकतो, मादी झाडीतून लुकलुकून उत्तर देते, असं जमतं त्यांचं. आपल्या उजेडात ते उत्तर दिसतच नाही. जाणार असाल तर दिवे बंद करून बसा. आजींनी कंदील विझवला ना, तसं.
बाकी भीमाशंकरला पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवी चमकते. लेकीला नक्की दाखवा.

थेंब:
कुठल्या महिन्यात? माझा भाचा आठ वर्षांचा आहे, चालू शकेल का?

सह्यवाट:
पाऊस चांगला लागल्यावर. चालेल की, पण वाटाड्या घ्या आणि पायात बूट हवेत.

रानजाई:
लेकीनं काजवा तुळशीच्या कुंडीत सोडला. सकाळपासून विचारतेय, पोचला असेल का घरी?

माळावरची:
आले. विहीर बुजवली हो, वरून रस्ता गेला. सातही दगड आईनं परसात आणून मांडलेत. बांगड्या अजून वाहते.