गेस्टाल्ट थेरपी फ्रॉइडपासून नक्की कुठे फुटली?

खडीसाखर:
गेस्टाल्ट थेरपीचा, म्हणजे माणसाकडे तुकड्यांत न बघता अख्खं बघणाऱ्या मानसोपचाराचा, विषय निघाला की तोच किस्सा येतो. १९३६ साली ही थेरपी पुढे काढणारा फ्रिट्झ पर्ल्स दक्षिण आफ्रिकेहून मारीएनबादच्या मनोविश्लेषण परिषदेला आला आणि व्हिएन्नाला मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या दारात जाऊन उभा राहिला. पर्ल्सच सांगतो की म्हातारबुवांनी बसा म्हटलं नाही, परत कधी जाणार एवढंच विचारलं. दुखावला, आणि नवा पंथ काढला!

मला हे पटत नाही. अपमानातून फार तर भांडण निघतं, सिद्धांत निघत नाही. माझ्या मते फूट पडली ती दातांवरून. त्याची बायको लॉरा तान्ह्या मुलांचं खाणं बारकाईने बघत होती: आधी ओढून पिणं, मग दात आले की चावणं. फ्रॉइडच्या मांडणीत मूल आईवडिलांना जणू आत घेतं आणि त्यातून त्याचा विवेक घडतो. पर्ल्स नवराबायकोचं म्हणणं, न चावता गिळलेलं अंगी लागत नाही. आपण 'गळी उतरवणं' म्हणतो ना, तेच. परिषदेतला निबंधही तोंडाशी जोडलेल्या प्रतिकारांवरच (उपचारात रुग्णाचं मन घालतं त्या आडकाठीवर) होता, आणि तो काही फ्रॉइडच्या उंबऱ्यावर सुचलेला नव्हता.

गप्पिष्ट_ठाणेकर:
निबंध वाचायला गेला म्हणजे तेव्हा घरातलाच होता की! १९३५ मध्ये जोहान्सबर्गला मनोविश्लेषणाची संस्था त्यानेच काढली. तुमचं दातांचं प्रकरण पर्ल्सच्या ज्या पुस्तकात आहे ('इगो, हंगर अँड अग्रेशन'), त्याच्या १९४७ च्या लंडन आवृत्तीचं उपशीर्षक काय? फ्रॉइडच्या सिद्धांताची आणि पद्धतीची फेरमांडणी. १९६९ मध्ये त्याच पुस्तकावर 'गेस्टाल्ट थेरपीची सुरुवात' असं छापलं. मुंजीच्या वेळी बारसं केलं आणि तारीख मागची टाकली. खरी फूट १९५१ ची, न्यूयॉर्कची. पॉल गुडमन आणि राल्फ हेफरलाइनबरोबरचं 'गेस्टाल्ट थेरपी' हे पुस्तक आलं तेव्हा.

रातराणी:
दोघांनाही एक विचारते. यात गेस्टाल्ट किती? गेस्टाल्ट मानसशास्त्र काढणाऱ्या वेर्टहायमरची १९१२ पासूनची मंडळी डोळ्यांना आकार कसा दिसतो हे प्रयोगशाळेत तपासत होती. मेरी हेन्ले त्याच परंपरेतली, आणि तिने १९७५ मध्ये स्पष्ट सांगितलं की या थेरपीचा आमच्याशी संबंध नाही. या थेरपीतलं, समोर कोणी बसलंय असं मानून रिकाम्या खुर्चीशी बोलणं तर मोरेनोच्या सायकोड्रामातून, म्हणजे नाट्यातून करायच्या उपचारातून, घेतलेलं. उसनं नाव, उसनी खुर्ची.

खडीसाखर:
@रातराणी, खुर्ची मान्य. नावाबद्दल अर्धंच मान्य. लॉराचं फ्रँकफर्टमधलं शिक्षणच गेस्टाल्ट मानसशास्त्रातलं. फ्रिट्झ १९२६ मध्ये तिथेच कुर्ट गोल्डश्टाइनच्या हाताखाली होता, महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांच्या संस्थेत. इजा एका जागी असली तरी माणूस अख्खाच बदलतो, हे गोल्डश्टाइनचं सूत्र. पलंगावर पडून आठवणी सांगण्यापेक्षा आत्ता समोर बसलेल्या अख्ख्या माणसाकडे बघा, ही दृष्टी तिथली आहे. (आणि नाव लॉरालाही नको होतं बरं का. ती 'अस्तित्ववादी' म्हणा म्हणत होती.)

@ठाणेकर, उपशीर्षकाचा मुद्दा बिनतोड आहे. पण माणूस घर सोडतो ती तारीख वेगळी आणि घरात मन रमेनासं होतं ती वेगळी. मी दुसरीबद्दल बोलतेय.

गप्पिष्ट_ठाणेकर:
मन रमेनासं झाल्याचा पुरावा काय देणार! बरं, सगळं लॉराचं होतं तर १९५१ च्या मुखपृष्ठावर तिचं नाव का नाही?

खडीसाखर:
तेच तर विचारतेय मी. पुढच्याच वर्षी निघालेली न्यूयॉर्कची संस्था, फ्रिट्झ पश्चिमेकडे निघून गेल्यावर, सांभाळली कोणी?