मदत हवी आहे : पूररेषेमुळे उंच झालेले जोते आणि दिव्यांगांसाठी उतारमार्ग, नियम कसा वाचावा?

नमस्कार मंडळी,

चिपळूण शहरात आमच्या कुटुंबाच्या भूखंडावर एक छोटी व्यापारी इमारत बांधण्याचे ठरले असून तिचे नकाशे सध्या तयार होत आहेत. भूखंड ६४० चौ. मी. आहे. रस्त्याकडील रुंदी १८ मीटर असून खोली पस्तीस मीटरच्या थोडी पुढे जाते. तळमजल्यावर गाळे, पहिल्या मजल्यावर दवाखाना व रक्ततपासणीची प्रयोगशाळा आणि दुसऱ्या मजल्यावर कार्यालये अशी योजना आहे.

जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात येते (नदीजवळची निळी रेषा म्हणजे अधूनमधून येणाऱ्या, तर लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द). राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार या पट्ट्यात लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधकाम करता येते. आमच्या दारापुढील रस्त्यापेक्षा लाल पूररेषा ०.९५ मीटर उंच आहे, म्हणजे जोते (तळमजल्याच्या फरशीखालचा चौथरा) रस्त्यापासून १.४० मीटर वर न्यावे लागेल. जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेत पाणी कुठवर चढले होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्यापैकी कोणीही या उंचीबद्दल कुरकुर करणार नाही. आमचीही तक्रार नाही.

अडचण पुढे सुरू होते. दवाखान्यात येणारा रुग्ण चाकांच्या खुर्चीवर असेल, किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आजी असतील, तर त्यांनी ही १.४० मीटरची चढण कशी चढायची? त्याच नियमावलीतील तेराव्या प्रकरणात अडथळाविरहित प्रवेशाच्या तरतुदी आहेत. उतारमार्गाची रुंदी किमान १.८० मीटर, चढ १:१२ (१२ मीटर लांबीत १ मीटर चढण) पेक्षा तीव्र नाही, एका टप्प्याची लांबी ९ मीटरपर्यंत आणि दोन्ही बाजूंना कठडा. आमच्या उंचीला १:१२ ने १६.८० मीटर लांबी लागते, म्हणजे ८.४० मीटरचे दोन टप्पे. ते घडी घालून दर्शनी भागात बसवले, तर मधला व वरचा विसावा (थांबण्या-वळण्याची सपाट जागा) धरून रस्त्याकडील १८ पैकी सुमारे १२ मीटर रुंदी उतारमार्गच व्यापतो. ज्या गाळ्याचे तोंड कठड्यामागे झाकले जाते, तो गाळा कोण घेणार?

आमच्या वास्तुविशारदांनी यावर सोपा तोडगा काढला आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार तेराव्या प्रकरणातील या तरतुदी २,००० चौ. मी. पेक्षा मोठ्या भूखंडावरील सार्वजनिक वापराच्या इमारतींना लागू आहेत, आपला भूखंड त्याच्या एक-तृतीयांशही नाही, सबब उतारमार्ग बंधनकारकच नाही. तरीही सोय म्हणून त्यांनी मागच्या बाजूला, मालवाहतुकीच्या दारापाशी, १:८ चढाचा एक उतारमार्ग दाखवला आहे. हे मला पटलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ मध्ये असे म्हटले आहे की, केंद्र शासनाने कलम ४० खाली केलेल्या सुगम्यतेच्या नियमांशी आराखडा सुसंगत नसेल तर कोणत्याही आस्थापनेला बांधकामाची परवानगी देता येणार नाही आणि त्या नियमांचे पालन झाल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवट्याची मुभाही मिळणार नाही. या कलमात भूखंडाच्या आकाराचा उल्लेख कुठेच नाही. शिवाय त्याच कायद्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोक ये-जा करतात अशा खाजगी इमारतीही येतात.

जाणकारांना माझी विचारणा अशी आहे की, राज्याच्या नियमावलीतील २,००० चौ. मी. ची मर्यादा केंद्रीय कायद्यापुढे टिकते का. आणि टिकत नसेल, तर १.४० मीटरच्या जोत्याला, गाळ्यांची तोंडे न झाकता, नियमात बसणारा प्रवेश कसा द्यावा? उतारमार्ग पुढील सामासिक अंतरात (इमारत व भूखंडाची हद्द यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत) घेण्याबाबतही मत हवे आहे.

— वाशिष्ठीकाठ

प्रतिसाद : रत्नागिरीचा वास्तुविशारद

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या वास्तुविशारदांनी राज्याची नियमावली बरोबर वाचली आहे, परंतु वाचन तिथेच थांबवले आहे. नियमावलीतील मर्यादेचा अर्थ इतकाच की, तेरावे प्रकरण लहान भूखंडाला आपोआप लागत नाही. त्यामुळे कलम ४४ चे बंधन सुटत नाही. एक कायदेशीर फट मात्र आहे आणि ती दडवण्यात अर्थ नाही. कलम ४४ ‘आस्थापने’बद्दल बोलते, आणि खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, भागीदारी, संस्था, न्यास अशी नावे आहेत, एकटी व्यक्ती त्यात थेट दिसत नाही. कुटुंबाच्या नावावरील भूखंडाबाबत कोणी हा मुद्दा उकरून काढेल. पण आपण जागा देणार आहात ती दवाखान्याला आणि कार्यालयांना, आणि कलम ४६ प्रमाणे सेवा पुरवणाऱ्यांवर, मग ते शासकीय असोत वा खाजगी, सुगम्यतेची स्वतंत्र जबाबदारी आहे. उद्या एखाद्या गाळ्यात एटीएम आले तर बँक पहिल्याच भेटीत उतारमार्ग विचारील. रिझर्व्ह बँकेने तशी सूचना २००९ मध्येच दिलेली आहे.

दुसरी गोष्ट ८ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, याच अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५ केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांवर भिस्त ठेवतो म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवण्यात आला आणि बंधनकारक मानके वेगळी काढून नियम करण्यास केंद्राला सांगण्यात आले. म्हणजे वारे कोणत्या दिशेने वाहत आहे ते स्पष्ट आहे. आज सवलतीत बसवलेला नकाशा भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अडू शकतो, आणि तोवर काँक्रीट ओतून झालेले असते.

आता आपल्याला न आवडणारा भाग. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये उताराचे प्रमाण उंचीनुसार बदलते. चढण ७५० मिलिमीटरच्या वर गेली की १:१२ चालत नाही. १:१५ चढ, १.८० मीटर रुंदी आणि दर ९ मीटरला विसावा लागतो. आपल्या १.४० मीटरला त्यामुळे २१ मीटर लांबी लागेल, म्हणजे ७ मीटरचे तीन टप्पे. दर्शनी बाजूला हे बसणार नाही आणि बसवण्याचा हट्टही धरू नये. मागच्या दाराचा १:८ चा उतारमार्ग तर हिशेबातच धरू नका, तो हातगाडीसाठी आहे.

माझ्या मते इमारतीचे मुख्य प्रवेशद्वारच बाजूला न्यावे. पस्तीस मीटर खोलीत विसाव्यांसह २४ मीटरचा सरळ उतारमार्ग एका बाजूला आरामात बसतो. जिना, लिफ्ट आणि उतारमार्ग ही तिन्ही एकाच दालनात उघडावीत, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जाणारा प्रत्येक जण त्याच दारातून आत येईल आणि ‘दिव्यांगांसाठी मागचे दार’ हा प्रकारच उरणार नाही. गाळ्यांच्या मागून एक मार्गिका काढून तीही या दालनाला जोडावी. उतारमार्ग सामासिक अंतरात ढकलू नका. इमारतीची रेषा त्या बाजूने आत घ्या आणि मंजुरीच्या नकाशात उतारमार्ग मोजमापांसह दाखवा. चटई क्षेत्र (बांधता येणारे क्षेत्र) थोडे जाईल, ते जाऊ द्यावे.

लिफ्टला रस्त्याच्या पातळीवरही थांबा द्या आणि समोरासमोर दोन दारांची लिफ्ट घ्या, म्हणजे चाकांची खुर्ची आत वळवावी लागत नाही. पुराच्या भागात लिफ्टचा खड्डा भरणारच, हे गृहीत धरून नियंत्रण पेटी वरच्या मजल्यावर ठेवा आणि खड्ड्यात पाणी शिरताच लिफ्ट खाली येणे बंद होईल अशी व्यवस्था करून घ्या. केवळ लिफ्टवर मात्र विसंबू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ टिकते हे मी वेगळे सांगायला नको.

उतारमार्गावर छप्पर हवेच, आणि त्याच्या पागोळ्या उतारावर पडता कामा नयेत. गुळगुळीत कोबा किंवा चकचकीत फरशी टाळा; झाडूने आडव्या रेघा ओढलेले काँक्रीट सर्वांत बरे, कारण श्रावण उजाडेपर्यंत इतर सगळ्यावर शेवाळ धरलेले असते.

प्रतिसाद : दापोलीकर

मी स्वतः चाकांची खुर्ची वापरतो, त्यामुळे फक्त वापरातले दोन मुद्दे सांगतो. आमच्या बाजारातील एका इमारतीला उत्तम उतारमार्ग आहे, चढही बेताचा आहे. पण तो जिथे संपतो तिथे शटरची लोखंडी पट्टी जमिनीपासून दोन बोटे वर आली आहे. पुढची लहान चाके तिथे अडकतात आणि खुर्ची मागे रेलते. नकाशात ही पट्टी कधीच दिसत नाही, म्हणून ती फरशीत खाचेत बसवा असे गवंड्याला आत्ताच लिहून द्या. पाणी जाण्यासाठी आडवी जाळी टाकाल तर तिच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नकोत, आणि त्या चाकाच्या दिशेला आडव्या असाव्यात.

दुसरा मुद्दा प्रसाधनगृहाचा. राज्याच्या नियमावलीत १.५० × १.७५ मीटर हे किमान माप आहे. तेवढ्यात मी कसाबसा आत जातो, पण खुर्ची वळवता येत नाही, कारण वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतले २.२० × २.०० मीटर हे माप घ्या. दार बाहेर उघडणारे असावे. आणि त्याची किल्ली शिपायाकडे ठेवू नका, नाहीतर महिन्याभरात तिथे झाडू आणि रद्दीचे खोके दिसतील.

वाशिष्ठीकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रवेशद्वार बाजूला नेण्याची कल्पना घरी सर्वांना पटली आहे. एक गाळा कमी होतो, पण उरलेल्या गाळ्यांची तोंडे मोकळी राहतात. वास्तुविशारदांना १:१५ च्या हिशेबाने नवा आराखडा करायला सांगितले आहे. गाळ्यांच्या मागच्या मार्गिकेची रुंदी मात्र अजून ठरलेली नाही. ते १.२० मीटर म्हणतात, परंतु समोरून कोणी आले तर खुर्चीला बाजू कशी देणार हे मला दिसत नाही, म्हणून १.८० मीटर धरावे असे वाटते. दापोलीकर, गाळ्याच्या मागच्या दारातून आत वळताना आपल्याला मार्गिकेत प्रत्यक्षात किती जागा लागते, ते कळवाल का? जोते तपासणीच्या आधी हे माप पक्के करायचे आहे.