मदत हवी आहे: ट्रॅक डेनंतर आतला ब्रेक पॅड जास्त झिजलाय

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर जोरात चालवायचा दिवस) चालवायची हॅचबॅक आहे, पुढे सिंगल पिस्टनचे फ्लोटिंग कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा, पिनांवर सरकणारा भाग). उजवीकडचा आतला पॅड ४ मिमी उरलाय, बाहेरचा ७. स्लाइड पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, त्या हाताने सहज सरकतात. तरीही चाक उचलून फिरवलं की घासतं. ब्लीड निपल (कॅलिपरमधून ब्रेक फ्लुइड बाहेर सोडायचा स्क्रू) सैल केला तरी चाक मोकळं होत नाही, म्हणजे ब्रेक होजमध्ये दाब अडकलेला नाही. संशय पिस्टनच्या सीलवर आहे. उष्णतेने कडक झालं की ते पिस्टन मागे ओढत नाही.

नुसतं सील किट पुरेल, की कॅलिपरच बदलावा? ४ मिमीवर आणखी एक ट्रॅक डे काढणं मला धोक्याचं वाटतं: पातळ पॅडमधून उष्णता थेट ब्रेक फ्लुइडपर्यंत जाते. सी-क्लॅम्प, व्हर्नियर, टॉर्क रेंच आहेत. पिस्टन बाहेर काढायला फूटपंप चालेल का?