बांधाच्या भांडणात चुलते गेले, भावावर कलम १०३ (खून) लागलंय. १०५ (खून न ठरणारा मनुष्यवध) होऊ शकतं का?

माहेरवाशीण
नमस्कार. मी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात असते, पण कोर्टाची धावपळ सध्या माझ्याकडेच आहे, कारण धाकटा भाऊ आणि वडील दोघंही आत आहेत.

आमचं आणि वडिलांच्या चुलत भावाचं रान लागून आहे. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. बांध कोरल्याची कुरबूर आजोबांपासूनची. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट होती. भाऊ दीड वाजता उसाला पाणी धरायला गेला. आण्णा बॅटरी घेऊन आले, तुझं पाणी माझ्या रानात फुटलं म्हणून शिव्या, मग काठी. भावाच्या हातात खोरं होतं. एकच तडाखा, पण डोक्यात बसला. आण्णांच्या मुलाला फोन भावानेच केला, "लवकर गाडी घेऊन ये" म्हणून.

आण्णा नऊ दिवस दवाखान्यात होते, दहाव्या दिवशी गेले. आधी १०९ (खुनाचा प्रयत्न) होतं, मग १०३ वाढवलं. फिर्यादीत लिहिलंय की भाऊ आणि वडील दोघांनी कुऱ्हाड आणि काठ्यांनी मारलं. वडील त्या वेळी घरी झोपले होते. ते ६८ वर्षांचे आहेत. आण्णा आमचेच भाऊबंद, त्यामुळे आईने देव झाकून त्यांचं सुतकही पाळलं. काय बोलणार.

विचारायचं असं:
नऊ दिवस माणूस जिवंत होता, ऑपरेशन उशिरा झालं असंही म्हणतात. मग हा खून कसा?
मामा म्हणतात, भाऊ त्या रात्री पंढरपूरला होता असं सांगू, दोन माणसं तयार आहेत.
खासगी वकिलांची फी झेपत नाही. सरकारी वकील मिळतो का?

आडवा_तिडवा
रागाच्या भरात झालं तर सुटतो माणूस. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणारा तो नौदलातला नानावटी सुटलाच ना!

निवृत्त_लघुलेखक
आधी वरच्या साहेबांना. नानावटींना ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, तेवढंच लोकांना आठवतं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. का? बायकोने प्रेमसंबंधाचं सांगितल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. मधे त्यांनी बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं. राग निवायला तेवढा वेळ पुरे, असं कोर्ट म्हणालं. पुढे राज्यपालांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी.

आता ताई, तुमचं. मी सत्र न्यायालयात २६ वर्षं लघुलेखक होतो. वकील नाही, पण खुनाचे निकाल साहेबांनी सांगितले आणि मी टाइप केले, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पंढरपूर सोडा. आजच मामांना फोन करा. भावाने स्वतःच्या मोबाइलवरून आण्णांच्या मुलाला फोन केलाय. कॉल रेकॉर्ड आणि टॉवर दोन्ही निघणार. ती दोन माणसं उलटतपासात पहिल्या दहा मिनिटांत घसरतील आणि निकालात एक वाक्य येईल, जे मी कितीतरी वेळा टाइप केलंय: "आरोपीने खोटा बचाव घेतला." शिवाय एकदा "मी तिथे नव्हतो" म्हटलं की "अचानक भांडणात झालं" हे कोणत्या तोंडाने म्हणणार? दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. आणि तुमचा खरा बचाव दुसरा आहे. तो फोन तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. ठार मारायला आलेला माणूस गाडी बोलावतो का?

नऊ दिवसांचं म्हणाल, तर कायदा इथे कडक आहे. चांगल्या उपचाराने माणूस वाचला असता, एवढ्याने इजा करणारा सुटत नाही, तसं स्पष्टीकरण कलम १०० खालीच आहे. दवाखान्याच्या नावाने ओरडून फार हाती लागत नाही. पण ती जखम मुळात कशी होती, जीव जाण्याइतकी होती की पुढच्या गुंतागुंतीने जीव गेला, हे डॉक्टरला विचारण्याचा हक्क आहे. पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट काढा. जखम सीएलडब्ल्यू लिहिलीय, म्हणजे चिरडून फाटलेली, की इन्साइज्ड, म्हणजे धारेने कापलेली? कुऱ्हाडीची धार आणि खोऱ्याचा दांडा यांत जमीन-अस्मानाचा फरक. डोक्याला एकच जखम असेल तर "दोघांनी कुऱ्हाड आणि काठ्यांनी मारलं" ही फिर्याद तिथेच लंगडी पडते, आणि त्याचा फायदा आधी तुमच्या वडिलांना.

अजून एक, जे सगळे विसरतात. खोरं त्याच्या हातात का होतं? पाणी धरत होता म्हणून. तुमच्या फीडरचं त्या आठवड्याचं भारनियमनाचं वेळापत्रक महावितरणकडून लेखी मागून घ्या. हत्यार घरून आणलं की कामाचं म्हणून हातात होतं, यावर कोर्ट खूप काही ठरवतं.

काळा_कोट
सत्र न्यायालयात आरोपीच्या बाजूने काम करतो. लघुलेखक साहेबांनी निम्मं काम केलंय, मी कलमाचं सांगतो.

खून कशाला म्हणायचं ते कलम १०१ सांगतं. त्याच्या चौथ्या अपवादाला चार गोष्टी लागतात: आधी ठरवलेलं नको, अचानक झालेलं भांडण हवं, रागाच्या आवेगात हवं, आणि गैरफायदा घेतलेला किंवा क्रूरपणा नको. कोणी आधी डिवचलं याला महत्त्व नाही, तसं कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे शिव्यांवर फार वेळ घालवू नका. अपवाद सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाइतका कडेकोट पुरावा लागत नाही. शक्यता आपल्याकडे झुकली की पुरतं. अपवाद बसला तर १०३ ऐवजी १०५. हेतू होता असं धरलं तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं. फक्त जाणीव होती असं ठरलं तर १० वर्षांपर्यंत आणि दंड.

"एकच वार होता" एवढ्यावर मात्र विसंबू नका. १९५८ च्या विरसा सिंग निकालात पोटात भाल्याचा एकच वार होता, तरी खूनच ठरला. तो निकाल न्या. विवियन बोस यांचा, आपल्या नागपूर हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेले. नेमकी तीच जखम करायची होती का आणि ती सर्वसाधारणपणे जीव घ्यायला पुरेशी होती का, हे त्यांनी विचारलं. अंधारात, झटापटीत, खोरं फिरवलं तर नेमकं डोकंच लक्ष्य होतं का? उलटतपास इथे करायचा असतो.

आण्णांच्या काठीने भावाला लागलं का? अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, तिचा कागद आणि जेलमधला दाखल करतानाचा कागद दोन्ही मिळवा. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो. किरकोळ खरचटलेलं चालत नाही, पण हात मोडलेला असेल तर मोठी गोष्ट.

दोघांची पहिली रिमांड तारीख लिहून ठेवा. तो दिवस धरून ९० दिवस मोजा. तेवढ्यात चार्जशीट आलं नाही तर लगेच दुसऱ्या दिवशी जामिनाचा अर्ज. अर्ज द्यायच्या आधी चार्जशीट आलं तर हक्क गेला. वडिलांचा जामीन अर्ज भावापासून वेगळा करा.

आणि सरकारी वकील म्हणजे तुमच्या विरुद्ध उभा राहणारा, ताई! तुम्हाला हवा लोक अभिरक्षक, म्हणजे आरोपीच्या बाजूने लढणारा मोफत वकील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जेलमधूनही अर्ज देता येतो.

मुलाखतीचा_वार
माझे मिस्टर अशाच केसमध्ये तीन वर्षं आत होते, शेवटी त्यांचंही कलम खाली आलं. कायद्याचं मला कळत नाही. एवढंच सांगते, आण्णांच्या घरी मध्यस्थ पाठवू नका. आमच्या सासऱ्यांनी चांगल्या मनाने पाठवला, दुसऱ्या दिवशी "साक्षीदारांना धमकावलं" असा अर्ज झाला आणि जामीन सहा महिने लांबला. खुनाच्या केसमध्ये तडजोडीने मिटतच नाही, पैसे देऊन केस मागे घेतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. प्रत्येक तारखेचा रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) वाचत जा, वकील विसरतात. भावाला मुलाखतीत जाळीपलीकडून केसबद्दल काही विचारू नका, आजूबाजूला कान असतात.

माहेरवाशीण
सगळ्यांचे आभार. आज जेलच्या कागदाची नक्कल मिळाली. डाव्या हाताचं हाड मोडल्याचं लिहिलंय, प्लास्टर घातलेलं. भावाने आम्हाला सांगितलंच नव्हतं, आईला कळेल म्हणून.

पीएममध्ये डोक्याला एक सीएलडब्ल्यू आणि कोपराला खरचटलेलं, बाकी काही नाही. मामांना फोन केला. चिडले, पण त्या दोघांना नको म्हणून सांगतील. लोक अभिरक्षक मॅडमनी सोमवारी भावाला भेटायला जाते म्हटलंय.

आई विचारते, ते खोरं परत मिळेल का. दांडा वडिलांनी बाभळीचा बसवला होता.

निवृत्त_लघुलेखक
नाही ताई. तो मुद्देमाल आहे, म्हणजे पुराव्याची वस्तू. अपील संपेपर्यंत सील करून पडून राहील. आईंना सांगा, नवीन घ्या, उसाला पाणी तर धरावंच लागेल.