अनुभव धागा: तुमच्या बाल्कनीत बसायला जागा आहे का?

आमच्या बाल्कनीत कपड्यांचा स्टँड, मोडका कूलर आणि गॅसची रिकामी टाकी राहायला आहेत. दिवाळीच्या आत तिथं दोन माणसं चहा घेत बसतील एवढं करायचंय. कोल्हापूरकरांनो, काय केलं, काय फसलं, लिहा की. दुकानातले फोटो नकोत.

राजारामपुरी
मी हौसेनं सगळं करून बसलो. (आमच्याकडं बायकाही 'बसलो'च म्हणतात, पुणेकरांनी हसू नये.) पश्चिमेची बाल्कनी, आणि खरेदी मे महिन्यात! वेताच्या खुर्च्या, गाद्या, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत. वळवाच्या पहिल्या सरीत गाद्या भिजल्या. जुलैच्या झडीत वेतावर पांढरी बुरशी चढली. गवत उचललं तर खाली शेवाळ, पाण्याचं भोक बुजलेलं, आणि वास असा की सासूबाई म्हणाल्या, "गोठा परवडला." आता फरशी उघडी, घडीच्या लोखंडी खुर्च्या, गाद्यांऐवजी घोंगडं. पावसाळ्यात सगळं आत.

मंगळवार पेठ
जुन्या माडीचा तीन फुटी सज्जा. एक बाक, एक तुळस. आजोबा तिथं बसून गल्लीतल्या प्रत्येकाला "कुठं निघालास?" विचारतात. एवढीच सजावट.

शाहूपुरी, कुंभार गल्ली
2019 च्या पुरात आम्ही पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतूनच शिडीनं नावेत उतरलो. कुंड्या कठड्याला तारेनं आवळलेल्या. आजीला उतरवायला वाट नाही, आणि तार तोडायला पकड सापडेना. 2021 ला पाणी परत आलं, तोवर मधली दोन हात जागा मोकळी केली होती. आजही तिथं फक्त पाट टाकतो. कुंड्या मात्र मातीच्याच. अंगातून पाणी झिरपतं, मुळं कुजत नाहीत. उन्हाळ्यात दोन वेळा घालावं लागतं, घालायचं.

कसबा बावडा
मी बांधकामातला, म्हणून रंगात भंग करतो. एक घनफूट ओली माती 45 ते 50 किलो भरते. अशा सहा कुंड्या कठड्याला लावल्या की जवळजवळ तीन क्विंटल, तेही बिनआधाराच्या टोकाला. जड कुंड्या भिंतीकडं घ्या, कडेला कोकोपीटच्या हलक्या. आणि फरशीत स्क्रू मारू नका. सज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. भोकातून पाणी मुरलं की तीच गंजते.

रंकाळा
पिवळा बल्ब लावला, मोगरा लावला, तरी पोरं बाहेर येईनात. मोबाइलचा चार्जर बाहेर नेला. आता उठत नाहीत.

धागाकर्ता
आज कूलर भंगारात दिला. मागच्या कोपऱ्यात हरवलेलं खलबत्त्याचं दगडी भांडं सापडलं. बायको म्हणते, यातच गवती चहा लावू. खाली भोक नाही, पावसात तुंबेल, म्हटलं. तर म्हणाली, मग कमळ लावू.