ब्रेझा की कायलॅक? टेस्ट ड्राइव्हनंतरचा प्रश्न (सोसायटीतील चर्चा)

सी-६०४ : सर्वांना नमस्कार. आमच्या घरी पहिल्यापासून मारुतीच्याच गाड्या आहेत आणि या वेळी ब्रेझा ऑटोमॅटिक घ्यायचे जवळपास ठरले होते. परंतु मुलाच्या आग्रहाखातर काल स्कोडा कायलॅकही चालवून पाहिली. शोरूममधून सर्व्हिस रोडला वळताना इंडिकेटर द्यायला गेले, तर कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरू लागले. शिवाय थांबून निघताना पिकअप जरा उशिरा आल्यासारखा वाटला. दोन्ही गाड्या चालवलेल्यांनी कृपया मत द्यावे.

ए-९०२ : ताई, माझी नोकरी वाहनचाचणीत झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रतिस्पर्ध्याची गाडी तपासायला आली की पहिल्या दिवशीचे शेरे आम्ही वहीत टिपून ठेवत असू, परंतु निकालात धरत नसू, कारण त्यातले बरेचसे शेरे गाडीविषयी नसून आपल्या हातापायांच्या सवयीविषयी असतात. वायपरचा प्रकार त्यातलाच आहे. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते आणि मारुतीत ती जिथे असते, त्या उजव्या बाजूला वायपरची. ती सवय लवकर लागते, त्यामुळे तो मुद्दा सोडून द्या.

पिकअपचे मात्र तसे नाही, कारण तो फरक इंजिनातच आहे. कायलॅकचे ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन टर्बोचे, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे आहे आणि त्याचा १७८ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १७५० आरपीएमपासून (मिनिटाला इतके फेरे) पुढे मिळतो; त्याखाली टर्बो फिरवण्याइतका एक्झॉस्टचा जोर नसल्याने क्षणभर वाट पाहावी लागते. ब्रेझाचे १४६२ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन टर्बोविना असल्यामुळे पाय ठेवताच प्रतिसाद देते, परंतु त्याचा सुमारे १३७ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ४४०० आरपीएमला येत असल्याने भरल्या गाडीने चढ चढताना ते चांगलेच वेगाने फिरवावे लागते. म्हणजे ठाण्यात कापूरबावडीच्या वाहनांच्या रांगेत ब्रेझा सुखाची वाटेल, तर गायमुख घाटाच्या चढावर कायलॅक. गिअरबॉक्स दोन्हींत सहा गतींचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे एकाच प्रकारचा ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे तिथे डोके शिणवू नका.

पुन्हा जाल तेव्हा मार्ग तुम्ही ठरवा, सेल्समनला ठरवू देऊ नका. निघण्यापूर्वी टायरमधील हवा तपासून घ्या. ती जास्त असली तर चांगले सस्पेन्शनही खड्ड्यांत आदळते आणि दोष विनाकारण गाडीच्या माथी येतो. गाणी बंद ठेवावीत, एसी पूर्ण चालवावा, घरातली चार माणसे बसवावीत आणि आपल्या बेसमेंटच्या रॅम्पवर गाडी मध्येच थांबवून पुन्हा उचलून पाहावी. शक्य असल्यास त्याच दिवशी, त्याच माणसांसह, त्याच रस्त्यावर ब्रेझाही चालवावी. स्वतःची जुनी गाडी आठवून केलेली तुलना फारशी उपयोगाची नसते.

बी-३०१ : करासंबंधी थोडेसे. दोन्ही गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ब्रेझाचे इंजिन मोठे असल्यामुळे ती ४० टक्क्यांत जाते. ऑन-रोड किंमत दोन्हींची लेखी मागून घ्या.

डी-११०२ : कायलॅकला भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी आदळवून घेतल्या जाणाऱ्या सुरक्षा चाचणीत, पाच स्टार मिळालेले आहेत, हेही विचारात घ्यावे.

ए-९०२ : अवश्य घ्यावे, जानेवारी २०२५ चा तो निकाल आहे. मात्र टेस्ट ड्राइव्हमध्ये ते कळण्याचा काही मार्ग नाही. दार जोराने लावून आवाजावरून गाडीची मजबुती सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचे ऐकू नये.

सी-६०४ : धन्यवाद काका. रविवारी सकाळी दोन्ही गाड्या मागवते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे मागच्या सीटवर चढणे-उतरणे त्याच ठरवतील. सेक्रेटरीसाहेब, गाडी बेसमेंटच्या रॅम्पवर नेली तर चालेल ना?

सेक्रेटरी : हरकत नाही. दोन्ही गाड्यांचे नंबर आदल्या दिवशी गेटवर नोंदवावेत आणि आठच्या आत आटोपावे. त्यानंतर टँकर येतो.