चर्चा : धरणाभोवतीच्या रानाचे पैसे मुंबईच्या पाणीपट्टीतून द्यावेत का?

भातसाकाठ :
मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसा धरणाचं. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरवर जगतात. शहर पैसे मोजतं ते धरण, जलवाहिन्या, पंपिंग, शुद्धीकरण यांचे. ज्या डोंगरांवरून पाणी उतरतं, तिथलं रान मात्र हिशेबात फुकट धरलेलं. फुकटच्या वस्तूची कदर कोण करतो?

न्यूयॉर्कने १९९७ मध्ये, जिथून शहराला पाणी येतं त्या कॅट्सकिलच्या डोंगराळ भागातल्या गावांशी करार केला. गाळण प्रकल्पावर अब्जावधी डॉलर घालण्याऐवजी शहराने तिथल्या शेतकऱ्यांच्या शेणखताची व्यवस्था आणि घरोघरचे सेप्टिक टँक यांवर खर्च केला, विकायला तयार असलेल्यांकडून जमिनी घेतल्या. आपल्याकडेही पाणीपट्टीत हजार लिटरमागे थोडा अधिभार लावून तो इथल्या ग्रामसभांना थेट द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

नळजोडणी :
जलसंपदेत नोकरी केली आहे, म्हणून हरकत घेतो. भातशात पाणी येतं ते मोसमी पावसाने. चार महिन्यांत धो-धो कोसळतो, धरण भरतं. झाडं स्वतःही पाणी पितात. उघड्या डोंगरावरून वाहून येणारं पाणी बऱ्याचदा जास्तच भरतं. रान माती धरून ठेवतं, धरणात गाळ कमी येतो, ओढे पावसाळ्यानंतरही काही काळ वाहते राहतात, एवढं कबूल. पण ‘जंगल पाणी बनवतं’ असं म्हणून बिल फाडलंत, तर पहिल्याच सुनावणीत आकडे टिकणार नाहीत. गाळापुरतं बोला.

भातसाकाठ :
चालेल, गाळापुरतं बोलू. साठलेला गाळ काढायचा खर्च आणि गेलेल्या साठवणक्षमतेची किंमत, दोन्ही मोजता येतात. समुद्राचं पाणी गोडं करायचा मनोरीचा प्रकल्प शहराने पुढे आणलाच आहे. तिथला लिटरमागचा खर्च शेजारी मांडा, म्हणजे धरणातल्या एकेका लिटरची किंमत समजेल.

मोहफूल :
दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण किंमत लावली की पुढे काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला देताना जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्याच्यापासून पुढे मिळणाऱ्या फायद्यांची आजच्या पैशात काढलेली किंमत, भरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. २००८ मध्ये दर ठरले : हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत, जंगलाचा प्रकार आणि घनता बघून. पुढे ते वाढलेही. थांबलं का जंगल जायचं? खाणवाला, रस्तेवाला ती रक्कम प्रकल्पखर्चात धरतो, चलन भरतो आणि मोकळा होतो. पैसा जातो भरपाई वनीकरणाच्या सरकारी निधीत. ज्यांचं रान गेलं त्या पाड्याच्या हातात काही पडत नाही.

गारगाईचंच घ्या. मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर देणारं हे नवं धरण तानसा अभयारण्यातली जमीन बुडवणार, लाखो झाडं जाणार. दर ठरलेला आहे म्हणूनच ते कागदावर इतकं सोपं दिसतं.

आणि हेक्टरी दरात नक्की काय धरलंय? पावसाच्या तोंडावर बाया शेवळं ही रानभाजी खुडून आणतात, जांभळट कोंब, जुडी बांधून. भाजीत सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं लागतात, नाहीतर घशाला खाज सुटते. दोन्ही एकाच रानात मिळतात आणि कुठे मिळतात ते बायांनाच ठाऊक. बाजारातल्या जुडीच्या भावावरून या रानाची किंमत काढणार का? सहा फुटांवर एक अशी रोपं लावलेल्या प्लॉटमध्ये शेवळं उगवत नाहीत.

नळजोडणी :
ताई, मग किंमत शून्यच धरायची का? प्रकल्पाच्या फायलीत ज्या रकान्यात आकडा नसतो तो बैठकीत कुणी वाचतही नाही. मी अशा बैठकांना बसलेलो आहे.

मोहफूल :
आकड्याला माझा विरोध नाही. तो तोडायची परवानगी म्हणून वापरायला विरोध आहे. राखण्यासाठी दरवर्षी द्यायचे पैसे वेगळे आणि बुडवताना एकदा भरायची रक्कम वेगळी. कोस्टा रिकाने १९९६ च्या कायद्याने इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली. पण तिथे जमीनमालकाच्या नावावर कागद असतो. इथे कागद कुणाच्या नावावर आहे? अधिभार लावलात आणि वनहक्काचे दावे, म्हणजे रानावरचा हक्क कायद्याने मिळावा म्हणून गावांनी केलेले अर्ज, तसेच पडून राहिले, तर पैसे वन खात्याकडे जातील आणि पाड्यावर नव्याने कुंपण येईल.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबूचा भाव गावाला मिळाला तो त्यानंतर. आधी हक्क, मग हिशेब.

भातसाकाठ :
दावे निकाली निघेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आणखी एक पिढी टँकरमागे पळेल. दोन्ही एकदम करा. अधिभार स्वतंत्र खात्यात जमा होऊ दे, आणि ज्या ग्रामसभेचा दावा मंजूर होईल तिला मागच्या वर्षांसकट मिळू दे. दावे अडवून धरणाऱ्यांवर शहराचाही दबाव येईल.

मोहफूल :
याला माझी हरकत नाही. पण एक अट लिहून घ्या : हाच आकडा गारगाईच्या फायलीत भरपाईचा दर म्हणून वापरता येणार नाही. ती नसेल तर माझा विरोध कायम.

नळजोडणी :
अशी अट शासन निर्णयात घालता येते. गाळाचं सर्वेक्षण आधी होऊ द्या, दर त्यावरून ठरवा.